कांदाचाळ आणि मान्ना

पहाटे साडेपाचला आमच्या घरात पहिला आवाज होतो तो आत्यांच्या काठीचा. काठी फरशीवर दोनदा आपटते. म्हणजे त्या उठल्या, तोंड धुऊन झालं, आता मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन बसावं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. काचबिंदूनं त्यांची नजर गेली. उजव्या डोळ्याला उजेड तेवढा कळतो, अक्षर नाही. त्याआधी पन्नासएक वर्षं त्या स्वतःच वाचायच्या, ओठ हलवत, ओळीखालून बोट सरकवत. आता बोट माझं आणि कान त्यांचे.

रोज एक अध्याय, हा त्यांचा नेम. पवित्र शास्त्रात ११८९ अध्याय. रोज एक धरला तर उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकापर्यंत पोचायला सव्वातीन वर्षं लागतात. वर्षभरात सगळं शास्त्र वाचून काढायची कोष्टकंही मिळतात, रोज तीन-चार अध्यायांची. लग्नाआधी मी ती दोन-तीनदा मोठ्या हौसेनं एक जानेवारीला सुरू केली आणि दर वेळी फेब्रुवारीत लेवीय या तिसऱ्या पुस्तकात रुतले. कोणत्या जनावराचे खूर दुभंगलेले, घराच्या भिंतीवर चट्टा उठला तर याजकानं काय करायचं, असलं सगळं. मला वाटायचं माझाच विश्वास कच्चा. पण एकदा पाळकसाहेबांनी भर उपासनेत विचारलं, लेवीयात कोण कोण अडकलंय, हात वर करा. निम्मी मंडळी हात वर करून हसत होती.

आत्यांना घाई नाही, आणि गाळायचं तर काहीच नाही. सुरुवातीला वंशावळ आली की मी विचारायची, "आत्या, ही नुसती नावं आहेत. पुढं जाऊ का?"

एकदा त्या म्हणाल्या, "मग त्यांची नावं घ्यायची कुणी?"

मला तेव्हा ते म्हातारपणाचं खूळ वाटलं होतं. नंतर उमगलं. आमच्या घराण्यात चार पिढ्यांमागं काय नाव होतं ते कुणालाच सांगता येत नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाचं नाव लिहून ठेवावं असं कुणाला का वाटेल? आमच्या घराण्यातलं पहिलं नाव शाईनं लिहिलं गेलं ते मिशनच्या बाप्तिस्म्याच्या वहीत. तेही सबंध नव्हे, नुसतं नाव आणि गाव. त्यामुळे अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा ढमका, असं पानभर चाललं की आत्या मान हलवत ऐकतात. लग्नपत्रिका वाचून दाखवावी तसं.

आम्ही नेवासा तालुक्यातले, मुळा कालव्याच्या टेलचे, म्हणजे शेवटच्या टोकाचे. ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली तो पैसाचा खांब आमच्या तालुक्याच्या गावी, आणि अमेरिकन मराठी मिशननं जिथं ठाणं केलं ते वडाळा बहिरोबाही याच तालुक्यात. मिशन नगरला आलं १८३१ साली. पण खेड्यापाड्यांतली माणसं मोठ्या संख्येनं आली ती पुढं, आणि त्यात दुष्काळांचा वाटा मोठा होता. १८७६ ते ७८ चा, मग १८९६-९७ चा, त्याला लागूनच १८९९-१९०० चा. आमचे कोणत्या दुष्काळात आले ते नक्की ठाऊक नाही. दुष्काळातच आले, हे मात्र घरात कुणी लपवत नाही.

शाळेत असताना मला एका मुलीनं ते ऐकवलं होतं. "तुम्ही भाकरीसाठी बाटलेले ना?" मी घरी येऊन रडले. वडील म्हणाले, सांगायचं, आम्ही सत्य शोधायला आलो. पुढं सासरी आल्यावर एकदा ही गोष्ट आत्यांना सांगितली, तर त्या तवा पुसत म्हणाल्या, "भाकरीसाठीच आले असतील. मग? 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' हे ज्याच्या घरी पीठ नाही त्यानं म्हणायचं, का ज्याची कणगी भरलीय त्यानं?"

मी वडिलांपेक्षा आत्यांच्या बाजूची आहे.

भाकरीवरून मला नेहमी पंडिता रमाबाई आठवतात. सोळा वर्षांच्या असताना दुष्काळात त्यांचे आईवडील अन्नावाचून गेले. पुढं त्यांनी दुष्काळातल्या मुली आणि बाया गोळा करून केडगावला मुक्ती सदनात आणल्या. आणि आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षं त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या पवित्र शास्त्राचं मराठी करत बसल्या, खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला कळेल असं मराठी. १९२१ मध्ये मनोरमा, त्यांची एकुलती एक मुलगी, गेली. त्यानंतरही काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातल्या त्या भाकरीच्या ओळीवर आल्या असतील तेव्हा त्यांचा टाक क्षणभर थबकला असेल का, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. उपाशी मेलेल्या आईची मुलगी ती ओळ मराठीत लिहीत होती.

असो. मला सांगायचंय ते २०२३ सालातलं.

त्या वर्षी ईस्टरनंतरच्या शनिवारी, १५ एप्रिलला, आम्ही पुन्हा उत्पत्तीचा पहिला अध्याय काढला. त्याच आठवड्यात कांदा काढणीला आला होता. दीड एकर उन्हाळ कांदा, आमच्या तीन एकरांतला. अवकाळीनं दोनदा झोडपलं तरी माल बरा निघाला. दीडशे क्विंटलच्या आसपास भरला. काढणीच्या वेळी भाव इतका पडलेला की मजुरी आणि मोटारभाडं जाऊन हातात काही उरलं नसतं. म्हणून सगळा चाळीत टाकला. आमची चाळ साधी आहे: जमिनीपासून दोन फूट उंच तळ, बाजूनं बांबूच्या ताट्या, वर पत्रा आणि पत्र्यावर उसाचं पाचट. खालून आणि बाजूनं वारा खेळायला हवा, एवढंच तिचं शास्त्र. चाळ भरली की शेतकऱ्याच्या घरात एक वेगळीच शांतता येते. पैसा आहे, पण अजून पैसा नाही. आता भाव येईपर्यंत बसायचं.

१९ जूनला निर्गमाचा सोळावा अध्याय आला.

गोष्ट ठाऊक असते. मिसरातून, म्हणजे इजिप्तातून, सुटलेले लोक रानात उपाशी, कुरकुर करणारे. सकाळी दव उडून गेलं की जमिनीवर काहीतरी बारीक पांढरं पडलेलं दिसतं. 'हे काय?' असं ते एकमेकांना विचारतात आणि तेच त्याचं नाव पडतं, मान्ना. धण्यासारखा दाणा, चव मध घातलेल्या पोळीसारखी. माणशी एक ओमर गोळा करायचा, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप. ज्यानं जास्त वेचलं त्याचं उरत नाही, कमी वेचलं त्याला कमी पडत नाही. सकाळपर्यंत ठेवायचं नाही. काही जण ठेवतातच. सकाळी त्यात किडे पडलेले आणि घाण सुटलेली.

मी वाचून थांबले. आत्या म्हणाल्या, "म्हणजे चाळ करू दिली नाही त्यांना."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चल, चाळीकडं जाऊन येऊ."

त्यांच्या मागं मी चालत होते. चाळीच्या कडेनं एक हात ताट्यांवर ठेवून, दुसऱ्या हातात काठी, त्या हळूहळू सरकत होत्या. मधेच थांबायच्या, नाक ताटीजवळ न्यायच्या, पुढं व्हायच्या. चाळीच्या मधल्या खणापाशी आल्यावर थांबल्या आणि काठी ताटीवर टेकवली. "इथं." मला कसलाच वास येत नव्हता. कोरड्या सालांचा, धुळीचा, नेहमीचा कांद्याचा वास, बस. त्यांनी ताटीच्या फटीतून दोन बोटं आत घातली, चाचपून एक कांदा फिरवला. वरून सोनेरी, टणक दिसत होता. बोटानं जरा दाबल्यावर मान खचली आणि पाणी आलं. त्याच्या पाठीमागचे दोन तर पार बसलेले, चिलटं घोंगावत होती. ह्यांनी दुपारी तेवढा खण मोकळा केला तेव्हा टोपलंभर सड निघाली. चार दिवस उशीर झाला असता तर खण गेला असता.

उन्हाळ कांदा पाच-सहा महिने ठेवला तर तिसरा हिस्सा जातोच. वजन घटतं, कोंब फुटतात, काजळी येते, सडतं. हे गृहीत धरूनच शेतकरी चाळ भरतो. त्यामुळे साठवण म्हणजे अविश्वास, असलं काही मी इथं म्हणणार नाही. त्याच शास्त्रात योसेफ सात वर्षांचं धान्य कोठारांत भरून ठेवतो आणि त्याला शहाणा म्हटलं आहे. मान्नाची गोष्ट कोठारावर नाही, असं मला हल्ली वाटतं. कालच्या विश्वासावर आज निभत नाही, तिचा रोख तिथं असावा. माझ्याकडे साठवलेली वचनं पुष्कळ आहेत. शब्बाथशाळेत पाठांतराची बक्षिसं मिळवलेली मी बाई. पण ऐन वेळी, रात्री अडीचला, मुलाचा पुण्याहून फोन लागत नाही तेव्हा त्या पाठांतराची मान अशीच खचते. दाबलं की पाणी.

नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात एक वचन आहे. ते आमच्याकडे लग्नात, बारशात, दुकानाच्या उद्घाटनात, सगळीकडे वाचतात: 'तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस.' विश्वास ठेव असं नाही. भाव ठेव. मला हा शब्द फार आवडतो. तो आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, चार भिंतींतला नाही. शेजारच्या वस्तीवरचे अण्णा रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतात, त्यात 'भावेंविण भक्ति' येतं, आणि वारा आमच्याकडचा असला की आमच्या ओट्यावर ऐकू येतं. आणि सकाळी तेच अण्णा ह्यांना हाळी देतात, "काय भाव निघाला काल?" एकच शब्द. एक देवावर ठेवायचा, एक बाजारात मिळायचा. आमच्या घरात त्या वर्षी दोन्ही भाव एकाच चाळीत भरलेले होते आणि कोणता कोणता ते आम्हाला वेगळं करता येत नव्हतं.

जुलैत भाव हलायला लागला. ऑगस्टच्या मध्यावर दोन हजारांच्या पुढं सरकला. एका रात्री ह्यांनी अंधारातच विचारलं, "भाव वाढावा म्हणून प्रार्थना केली तर चालतं का गं?"

"चालतं की."

"मग कर."

मी हात जोडले. पण शब्द येईनात. माझी बहीण पिंपरीला असते. तिच्या घरी सहा माणसं. एक काम करणारा. ती कांदा पावशेर-पावशेर आणायला लागली की मला फोनवर सांगते, तुमची चैन आहे बाई. आणि नुसतं तेवढंच नव्हे. माझा भाव वाढायचा तर कुठंतरी कुणाचा तरी कांदा पाण्यावाचून जळायला हवा, नाहीतर पावसात नासायला हवा. त्याशिवाय तो वाढत नाही. मग मी नेमकं काय मागत होते? प्रभूच्या प्रार्थनेत 'माझी' भाकर नाही, 'आमची' भाकर आहे, हे मी लहानपणापासून म्हणत आलेय. त्या रात्री पहिल्यांदा तो शब्द घशात अडकला. मी ह्यांना सांगितलं, केली. खोटं बोलले.

शनिवारी, १९ ऑगस्टला, कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लागलं. मोबाईलवर बातमी आली तेव्हा हे जेवत होते. ताटावरून उठले नाहीत, पण पुढचा घास बराच वेळ हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी रविवार. साडेपाचला काठी वाजली. नेमानं येणारा अध्याय होता गणना अकरा. मला आधी लक्षात आलं नाही, वाचता वाचता आलं. मान्ना खाऊन कंटाळलेले लोक तंबूंच्या दारांत बसून रडतात. आम्हाला मिसरातले मासे आठवतात, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण. कांदे! सगळ्या शास्त्रात कांद्याचं नाव मला तरी दुसरीकडं कुठं सापडलेलं नाही, आणि ते वाचायला आम्हाला नेमका तोच दिवस मिळाला. मी वाचायची थांबले. हे दाराशी बूट घालत होते. तेही थांबले.

आत्या म्हणाल्या, "बघ, त्यांनाही कांदाच रडवायचा."

मग आम्ही तिघंही हसलो. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतकं त्या आठवड्यात कुणी हसलं नव्हतं.

पण तो अध्याय हसण्याचा नाही. पुढं त्यांचा पुढारी मोशे देवाला जे बोलतो ते कुणी पाळकापुढं बोललं तर पाळक त्याच्यासाठी खास प्रार्थना ठेवतील. ही सगळी प्रजा माझ्या पोटची आहे का, दाईनं तान्ह्याला घ्यावं तसं यांना छातीशी धरून मी न्यायचं का, एवढ्यांना मांस मी कुठून आणू, असंच वागवायचं असेल तर मला मारूनच टाक. आणि देव त्याला झिडकारत नाही. त्याचं ओझं वाटून घ्यायला सत्तर वडील नेमतो. देवावर भाव ठेवणारा माणूस तक्रार करत नाही, हे मला लहानपणी शिकवलं होतं. ज्यांनी शिकवलं त्यांनी बहुधा गणना अकरा वाचलेलं नव्हतं, नाहीतर कोष्टक घेऊन लेवीयातच अडकले होते.

रोज सबंध अध्याय वाचण्याचा हा फायदा. मोबाईलवर सकाळी वचनं येतात, सूर्योदयाच्या चित्रावर. यिर्मया २९:११ त्यात सगळ्यांत लाडकं: तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. खरंच आहे ते. पण त्याच्या आधीची ओळ कुणी पाठवत नाही. बाबेलात धरून नेलेल्या माणसांना ते पत्र आहे, आणि त्या ओळीत म्हटलंय, सत्तर वर्षं भरल्यावर मी येईन. सत्तर! ज्यांनी ते पत्र पहिल्यांदा ऐकलं, त्यांतले बहुतेक परत आलेच नसणार. त्यांना सांगितलंय ते काय, तर घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात नेलंय त्या शहराचं भलं चिंता. हे वाचल्यावर अकरावं वचन वेगळंच ऐकू येतं.

पाच सप्टेंबरला आम्ही चाळ फोडली. त्या सकाळी गणना सत्तावीस होतं, सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढं उभ्या राहून बापाच्या जमिनीत वाटा मागतात तो. आत्यांचा आवडता अध्याय. सासरे गेल्यावर सातबाऱ्यावर त्यांचं नाव लागायला किती खेटे पडले ते त्या दर वेळी नव्यानं सांगतात. तर चाळ. पाच बाया निवडायला. मोठा माल एकीकडं, मध्यम एकीकडं, गोल्टी वेगळी, बाकीची फेक. दीडशेतले पंचाण्णव क्विंटल विकायजोगे निघाले. भाव सरासरी एकोणीसशे. हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडं वजा जाऊन विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात आली ती ह्यांनी दोनदा बघितली आणि खिशात घातली. मुलाची फी होती, सोसायटीचं कर्ज होतं. थांबण्यासारखं नव्हतं. थांबलो असतो तर आणखी सड निघाली असती.

तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला होता. आमची विहीर तळाला गेली. खरिपाचा कांदा सगळीकडंच मागं पडला. आणि त्यामुळेच, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, भाव चार हजारांच्या पुढं गेला.

हे तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

यहोशवाच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय त्याच सुमाराला आला, २३ ऑक्टोबरला. त्यात दोन ओळींत उरकलेली एक गोष्ट आहे. मी ती आधी कधी नीट पाहिलीच नव्हती. लोक यार्देन नदी ओलांडून आले, त्या देशाचं धान्य त्यांनी खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी मान्ना बंद झाला. चाळीस वर्षं रोज सकाळी पडणारा. ना समारंभ, ना निरोप. मी आत्यांना विचारलं, "त्यांना चुकल्यासारखं नसेल का झालं?" त्या म्हणाल्या, "झालं असंल की. आता नांगरायचं होतं ना." चाळीस वर्षं हातात पडलेलं खाऊन वाढलेली ती पिढी. त्यांना पेरणं येत तरी होतं का? आकाशातून पडलेल्याबद्दल आभार मानायला मला तरी सोपं जातं. पण घाम आपला, पाणी कालव्याचं, भाव बाजारात ठरलेला, अशा भाकरीवर देवाचं नाव कुठं घालायचं ते मला अजून धड कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. गाव सीमोल्लंघनाला निघालं आणि आमच्या घरात, यहोशवाच्या सहाव्या अध्यायात, यरीहोची तटबंदी पडली. संध्याकाळी अण्णा आपट्याची पानं घेऊन आले, आत्यांच्या पाया पडले, "सोनं घ्या म्हातारे" म्हणाले. आत्यांनी ते पान शास्त्रात खुणेला ठेवायला सांगितलं. अजून आहे.

आणि मग २९ तारखेच्या रविवारी उपासनेत एका भावांनी साक्ष दिली. त्यांनी चाळ फोडायचं ठरवलं होतं, पण प्रार्थनेत प्रभूनं सांगितलं, थांब. थांबले. पंचेचाळीसशेनं गेला. दशांश वेगळा काढला आहे. मंडळीनं आमेन म्हटलं. हे उठून बाहेर गेले, मोटारसायकलला काहीतरी झाल्यासारखं बघत राहिले. मला त्या माणसाचा राग नाही. त्याचे पैसे त्याला लखलाभ, पोरीचं लग्न आहे त्याच्या. पण या अशा साक्षींची मला चीड येते. भाव ठेवला म्हणून भाव मिळाला, ही पट्टी देवाच्या सहीनं आणून दाखवायची! मग ज्याला मिळाला नाही त्यानं काय समजायचं? हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटी अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, आणि तरीही तो परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन म्हणतो. ही साक्ष म्हणून उभं राहून कुणी देत नाही.

घरी आल्यावर मी आत्यांना हे सगळं तावातावानं सांगितलं. त्या भाकरीचा तुकडा कालवणात मोडत ऐकत होत्या.

"त्याचा कांदा देवानं राखला," त्या म्हणाल्या, "मग आपला कुणी सडवला? असं व्हतंय बघ. म्हणून त्या वाटेला जायाचं नाही."

तोवर शनिवारी निर्यातीवर टनाला आठशे डॉलरचा किमान दर लागला होता, आणि डिसेंबरात तर निर्यातच बंद झाली. ज्यांनी आणखी थोडं थांबायचं ठरवलं त्यांचं काय झालं ते कुणी साक्षीत सांगितलं नाही.

पाच नोव्हेंबरला हंगामाची उपासना होती. आमच्याकडं प्रत्येक घर शेतातलं काहीतरी आणतं, वेदीपुढं मांडतं, उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव. बाजरीची कणसं, दोन कोंबड्या, भोपळा, अंडी, कुणाच्या दारची लिंबं. पैसा मंडळीला. लिलाव पुकारायला आमच्यातलाच एक हमाल असतो, बाजार समितीत असतो तसा हुबेहूब पुकारतो. घेणारा बरेचदा वस्तू परत लिलावाला लावतो. एकच भोपळा चार घरांना विकला जातो आणि शेवटी पाळकसाहेबांच्या घरी शिजतो.

आमच्याकडं न्यायला होतं काय? घरच्यासाठी ठेवलेली गोल्टी. बोराएवढी नाही, पण लिंबाएवढी म्हणता येईल. ह्यांनी त्यातली चांगली चांगली निवडून वीस किलोची गोणी केली, तोंड सुतळीनं शिवलं. मला वाटलं होतं या वर्षी नको म्हणतील.

गोणी पुकारली. "दोनशे!" कुणीतरी म्हणालं. तीनशे. चारशे. साक्षवाल्या भावांनी पाचशे म्हटलं, हसून. गोल्टीला तेवढा भाव बाजारातही नव्हता. हे भिंतीला टेकून उभे होते. हात वर न करताच म्हणाले, "नऊशे."

पुकारणाऱ्यानं दोनदा विचारलं, कारण गोणी कुणाची ते सगळ्यांना माहीत होतं. "दादा, तुमचीच आहे ती."

"माहीत आहे. नऊशे."

पंचेचाळीस रुपये किलो. क्विंटलला साडेचार हजार. मोजून नोटा दिल्या, गोणी खांद्यावर टाकली आणि परत लिलावाला न लावता मोटारसायकलवर बांधून घरी आणली. वाटेत मी मागं बसले होते, गोणी मध्ये. हे एकदा म्हणाले, "शिवलेली सुतळी चांगली आहे. सोडायला नको घाईनं."

आत्यांनी गोणी ओट्यावर टाकल्याचा आवाज ओळखला. "परत आणला व्हय रे? किती भाव निघाला?"

"साडेचार हजार."

त्या गालात हसल्या. "मग? मिळाला का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी साडेपाचला काठी वाजली. आपट्याच्या पानापाशी शास्त्र उघडलं. यहोशवा एकोणीस. गावांची नावंच नावं, कुणाच्या वाट्याला कोणती आली ती. शिमोनाला ही, जबुलूनाला ही, आशेराला ही. माझी जीभ अडखळत होती, आत्या मान हलवत होत्या, स्वयंपाकघरात हे त्यातलाच एक कांदा बुक्कीनं फोडत होते. सगळ्यांना जमीन वाटून झाल्यावर शेवटी त्यांच्या पुढाऱ्याला, यहोशवाला, त्यानं मागितलेलं एक गाव मिळतं, डोंगराळ. तो ते बांधून काढतो आणि तिथं राहतो.

"पाणी होतं का तिथं?" आत्यांनी विचारलं.

मी पुढच्या ओळी पाहिल्या. लिहिलेलं नव्हतं.